तपासणी चुकली म्हणून परत बोलावलेले चिकन: या नियमामागचा इतिहास

आयात केलेले चिकनचे पदार्थ बाजारातून परत मागवले, अशी बातमी अमेरिकेतून अधूनमधून येते. माल बहुधा गोठवलेला किंवा पाकीटबंद असतो, चिकन पावडर घातलेले सूप, सारण भरलेले पदार्थ वगैरे. बातमीत एक ओळ बहुतेक वेळा असतेच: हे खाऊन कोणी आजारी पडल्याची नोंद नाही. यवतमाळ-वाशीमकडचा वाचक इथेच अडतो. कोणाला काही झाले नाही, मांस नासलेले नाही, तर एवढा माल फेकायचा कशाला?

फेकायचा, कारण बंदरावरची फेरतपासणी चुकवलेला माल तिथे विकताच येत नाही. तो चांगला असेलही, पण ते बघितले कोणी?

ही कडक भूमिका एका दिवसात आली नाही. अमेरिकेचा मांस तपासणीचा मोठा कायदा १९०६ चा. त्यात कोंबडी नव्हतीच. तेव्हा कोंबडी म्हणजे परसातला जिन्नस, गिऱ्हाईक जिवंत पक्षी चाचपून घ्यायचे. आपल्याकडच्या आठवडी बाजारात गावरान कोंबडा अजून तसाच विकला जातो. १९२४-२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या साथीचा फटका बसला आणि पुढे १९२६ मध्ये जिवंत कोंबड्यांच्या तपासणीत केंद्र सरकार उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर साफ केलेली, थेट शिजवायला घेता येईल अशी कोंबडी दुकानात आली. ती कापताना गिऱ्हाईक समोर नसते, म्हणून त्याच्या वतीने बघणारा कोणीतरी लागतो. १९५७ च्या कायद्याने कापण्याआधी आणि नंतर अशी तपासणी सक्तीची केली आणि परदेशी मालही त्यात घेतला.

आयातीला दोन चाळण्या आहेत. आधी त्या देशाची तपासणी यंत्रणा अमेरिकेच्या तोडीची ठरावी लागते. मग आलेली प्रत्येक खेप बंदरावर फेरतपासणीसाठी हजर करावी लागते. यातली एक जरी चुकली, तरी माल परत. गंमत अशी की मांस-कोंबडी बघणाऱ्या तिथल्या खात्याला परत मागवण्याचा हुकूमच काढता येत नाही. कंपनी 'स्वतःहून' माल परत घेते. नाही घेतला तर खाते तो अडवून जप्त करू शकते, त्यामुळे नाही म्हणणारा विरळाच.

भारतात आयात कोंबडीचा वाद वेगळ्याच वाटेने गेला. १ एप्रिल २००१ ला आयातीवरची संख्येची बंधने उठली. अमेरिकन तंगड्या स्वस्तात येऊन इथले शेडवाले बुडतील, या भीतीने कोंबडीच्या तुकड्यांवर १०० टक्के शुल्क लागले. १८९८ चा पशुधन आयात कायदा त्याच वर्षी दुरुस्त होऊन मांस-अंड्यांपर्यंत ताणला गेला. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. पुढे भारताने रोगाचेच कारण देऊन अमेरिकन कोंबडी अडवली, तेव्हा अमेरिका २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५ मध्ये भारत हरला. एका भागात रोग आहे म्हणून सगळा देश बंद करता येत नाही, असा निकालाचा गाभा होता. माझ्या मते त्या भांडणात आरोग्य हे बोलण्यापुरते जास्त होते, खरी धास्ती भावाची होती.

विदर्भाला आयातीचा चटका बसला तो कोंबडीतून नाही, तिच्या खाद्यातून. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला मुभा दिली. पेंड उगवत नाही, तिच्यात जिवंत बी नाही, म्हणून पर्यावरण मंत्रालयाने आडकाठी घेतली नाही. तेव्हा क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलेला सोयाबीनचा भाव नवे पीक येईतो निम्म्यावर आला. त्याला हे एकच कारण नव्हते, पण अकोला-वाशीमच्या शेतकऱ्याला दुसरे कोणी सांगून पटणार नाही.

माल परत मागवण्याचे सविस्तर नियम आपल्याकडे २०१७ चे. मूळ अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आणि तो लागू झाला २०११ मध्ये. उत्पादक, आयातदार आणि घाऊक विक्रेते यांनी परतीची योजना तयार ठेवायची. फक्त किरकोळ विकणाऱ्या दुकानदाराला त्यातून सूट आहे, साध्या खानावळीलाही. म्हणजे तालुक्याच्या गावात चिकन जिथून घेतले जाते, नेमके तेच ठिकाण बाहेर.

नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, तेव्हा संशय खायला घातलेल्या कच्च्या चिकनवरही गेला. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो, माल कुठल्या शेडमधला? कंपनीशी करार करून ब्रॉयलर (मांसाच्या) कोंबड्या पाळणाऱ्याकडे याचे उत्तर असते. पिल्ले कधी आली, खाद्य किती गेले, लस कुठली दिली, मर किती झाली, सगळे त्याच्या कार्डावर लिहिलेले असते. गाडी भरून वजन झाले की कार्ड कंपनीकडे जाते, आणि पक्षी दुकानाच्या पिंजऱ्यात दुसऱ्या शेडच्या पक्ष्यांत मिसळतात. तिथून पुढे परत मागवायचे म्हटले, तरी कुठली कोंबडी मागवायची हे सांगता येत नाही.