गृहीतक की परिकल्पना? आराखड्याच्या एकाच पानावरची गल्लत

एम.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आराखडा लेखनाची कार्यशाळा मी बरीच वर्षं घेते आहे. समस्या विधान, कार्यात्मक व्याख्या, उद्दिष्टं इथपर्यंत सगळे हळूहळू का होईना पोचतात. पुढे ‘गृहीतके’ आणि ‘परिकल्पना’ हे दोन मथळे आले की पेनं थांबतात, शेजारच्याच्या वहीत डोकावणं सुरू होतं आणि शेवटी मागच्या एखाद्या प्रबंधातली वाक्यं थोडी फिरवून उतरवली जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण याच दोन मथळ्यांखाली संशोधकाने स्वतः काय विचार केला आहे ते सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

गेल्या कार्यशाळेतलं एक पान घेऊ. लिहिणाऱ्या बाईंनी एम.एड.ला येण्याआधी काही वर्षं पाचवीला गणित शिकवलं होतं. विषय त्यांनी स्वतःच्या वर्गातूनच उचललेला: कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक शिकवले तर मुलांना ते जास्त चांगले कळतात का? फार आवडला मला विषय. पण पानावर असं लिहिलेलं होतं. गृहीतके: ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक अवघड जातात. कृतियुक्त अध्यापनामुळे विद्यार्थ्यांचे अपूर्णांकांचे आकलन वाढते.’ आणि त्याखाली परिकल्पना: ‘विद्यार्थी चाचणी प्रामाणिकपणे सोडवतील. कृतियुक्त व पारंपरिक पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तर चाचणीतील मध्यमान गुणांत सार्थ फरक नाही.’

(मध्यमान म्हणजे सरासरी, उत्तर चाचणी म्हणजे शिकवून झाल्यावरची चाचणी आणि सार्थ फरक म्हणजे निव्वळ योगायोगाचा म्हणता येणार नाही इतका फरक.) हे पान दोनदा वाचा. वरच्या भागात आकलन वाढतं हे धरून चाललो आहोत आणि चार ओळी खाली म्हणतो आहोत की काही फरक नाही. मी बाईंना विचारलं, “वाढतं हे तुम्ही आधीच मान्य केलंय, तर मग मोजायचं काय?” त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, मग हे वाक्य खाली जायला हवं.” तिथून खरी कार्यशाळा सुरू झाली.

गृहीतक म्हणजे या अभ्यासापुरतं जे आपण खरं मानून पुढे जातो ते. त्याची परीक्षा आपण घेत नाही, त्याच्यावर उभे राहतो. परिकल्पना म्हणजे माहिती गोळा करण्यापूर्वी दिलेलं संभाव्य उत्तर, जे पुढे माहितीच्या कसोटीवर टिकेल किंवा पडेल. एकावर पाय रोवायचे, दुसरं पणाला लावायचं. मराठीत यातला पहिला शब्द खरं तर अगदी ओळखीचा आहे. ‘मला गृहीत धरू नकोस’ असं आपण घरात म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, मला न विचारता तू माझा होकार धरून चाललास. संशोधनातलं गृहीत धरणंही तसंच, फक्त तिथे आपण ते उघडपणे लिहून देतो.

शाळेच्या भूमितीतही हा शब्द भेटलेला असतो. युक्लिडची गृहीतकं आपण सिद्ध केली नव्हती. ती मान्य करून पुढची प्रमेयं सिद्ध केली होती. त्यातल्या पाचव्या, समांतर रेषांशी निगडित गृहीतकाचा किस्सा मी कार्यशाळेत हमखास सांगते. ते इतर चार गृहीतकांवरून सिद्ध करता येईल का, म्हणून गणिती शतकानुशतकं झटले. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी त्याच्या जागी वेगळं गृहीतक धरलं, तर वेगळीच पण तितकीच सुसंगत भूमिती उभी राहिली. गृहीतक बदललं की त्यावरची अख्खी इमारत बदलते, हे इतकं लख्ख दुसरीकडे कुठे दिसत नाही.

गोंधळाचं एक कारण मात्र विद्यार्थ्यांच्या हातात नाही. मराठीत या संज्ञा सगळ्या विषयांत सारख्या वापरल्या जात नाहीत. शिक्षणशास्त्रात ‘अझम्प्शन’ला गृहीतक आणि ‘हायपोथिसिस’ला परिकल्पना म्हणण्याचा प्रघात आहे. पण सामाजिक शास्त्रांतले मराठी प्रबंध उघडलेत तर ‘हायपोथिसिस’लाच गृहीतक किंवा गृहीतकृत्य म्हटलेलं सर्रास आढळतं. ग्रंथालयात दोन्ही प्रकारचे प्रबंध शेजारी शेजारी असतात. त्यामुळे जुन्या प्रबंधातून वाक्य घेताना आधी बघायचं, की या लेखकाने पुढच्या प्रकरणात या ‘गृहीतका’ची चाचणी घेतली आहे का? घेतली असेल, तर नाव काहीही असो, ती परिकल्पना आहे. आपल्या आराखड्यात मात्र एक जोडी ठरवून शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवावी.

विधान कोणत्या मथळ्याखाली जातं हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारायला लावते: हे खोटं निघालं तर माझ्या अभ्यासाचं काय होईल? परिकल्पना खोटी निघाली तर काहीच बिघडत नाही. ‘घड्यांच्या कृतींनी फरक पडला नाही’ हासुद्धा निष्कर्षच आहे, आणि पुढच्या शिक्षकाला तो उपयोगी पडेल. पण गृहीतक खोटं निघालं, म्हणजे मुलांनी चाचणी एकमेकांची बघून सोडवली असं उघड झालं, तर हातात आलेले आकडे कशाचेच राहत नाहीत. कृती चांगली की वाईट, काहीच बोलता येत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण बी.एड.ला सगळ्यांनी वाचलेलंच असतं, फक्त या बाजूने वाचलेलं नसतं. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची क्षमता चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली: चाचणीवरून दिसतं की ही मुलं या वर्षी झेप घेतील. प्रत्यक्षात ती नावं, सुमारे २० टक्के मुलांची, यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, काढलेली होती. परिकल्पना अशी, की शिक्षकांच्या अपेक्षा वाढल्या की त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढेल. नंतर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिली-दुसरीच्या मुलांत असा फरक ठळक दिसला, वरच्या वर्गांत नाही. १९६८ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. त्याच वर्षी रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी त्याचं अत्यंत कडक परीक्षण लिहिलं. (मांजरांवरच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडवर्ड थॉर्नडाइक यांचे हे चिरंजीव, आणि स्वतः मापनशास्त्रातले जाणकार.) त्यांचा रोख अपेक्षांच्या परिणामावर नव्हताच. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल, पण ज्या आकड्यांवर तो उभा आहे ते आकडेच भरवशाचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. लहान मुलांच्या तर्क विभागातले सरासरी बुद्ध्यंक इतके खाली होते, की नेहमीच्या शाळेत नेहमीसारखी शिकणारी मुलं तशी असणं शक्यच नव्हतं.

आता हे आपल्या दोन मथळ्यांत मांडून बघा. ‘अपेक्षांमुळे बुद्ध्यंक वाढतो’ ही परिकल्पना. ‘ही चाचणी या वयाच्या मुलांची बुद्धी नीट मोजते’ हे गृहीतक. घाव पडला तो गृहीतकावर. परिकल्पना कितीही सुंदर असली तरी पायाखालचं गृहीतक हललं की सगळंच हलतं. म्हणून मार्गदर्शक ‘गृहीतकाला आधार काय?’ असं विचारतात तेव्हा त्यांचा राग येऊ देऊ नका. पूर्वीचं संशोधन, एखादा मान्य सिद्धांत, चाचणीची विश्वसनीयता तपासल्याची नोंद, काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

बाईंच्या यादीतलं पहिलं वाक्य, ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक अवघड जातात’, हे मात्र दोन्ही मथळ्यांखालचं नाही. ते संशोधनाच्या गरजेत जायला हवं, तेही पुराव्यासकट. पुरावा त्यांच्याकडे होता. त्यांनी पिशवीतून जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. ‘१/३ आणि १/४ यांपैकी मोठा कोणता?’ या प्रश्नाला एका मुलाने १/४ ला गोल करून पुढे लिहिलं होतं, ‘कारण ४ मोठा आहे.’ त्या एका ओळीने गरज जितकी पटते तितकी ‘अवघड जातात’ या वाक्याने कधीच पटणार नाही.

दुसरी चूक इतकी नेहमीची आहे की ती चूक वाटतच नाही. प्रायोगिक संशोधनाच्या आराखड्यात ‘दोन्ही गट सुरुवातीला समान आहेत’ हे वाक्य गृहीतक म्हणून लिहिलेलं असतं. अहो, शिकवण्याआधीची पूर्व चाचणी कशासाठी घेतो आपण? दोन तुकड्यांचे पूर्व चाचणीचे गुण हातात असताना समानता गृहीत धरायची गरजच नाही, ती बघता येते. जे तपासणं आपल्या आवाक्यात आहे ते गृहीत धरू नये. दोन गटांच्या सरासरीतला फरक सार्थ आहे का हे तपासणाऱ्या टी-चाचणीचंही तसंच. प्रत्येक मुलाचा गुण दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, दोन्ही गटांतला विखुरलेपणा साधारण सारखा आहे, गुणांचं वितरण फार कललेलं नाही, ही त्या चाचणीची स्वतःची गृहीतकं आहेत. आराखड्यात ती कोणी लिहीत नाही, पण त्यातली बरीचशी आलेखावर नजर टाकूनही पडताळता येतात. प्रामाणिकपणे चाचणी सोडवणं मात्र पूर्णपणे तपासता येत नाही, म्हणून ते खरंखुरं गृहीतक. त्याबद्दल पुढे शंका आली तर ती मर्यादांमध्ये मोकळेपणाने नोंदवायची.

आता परिकल्पनेकडे. ती उद्दिष्टातून निघायला हवी. ज्या उद्दिष्टात तुलना किंवा सहसंबंध आहे त्याच्यासमोर परिकल्पना हवी आणि तिच्यातला प्रत्येक शब्द मोजता आला पाहिजे. ‘कृतियुक्त अध्यापन परिणामकारक आहे’ यात काय मोजणार? ‘उत्तर चाचणीतील मध्यमान गुण’ म्हटलं की मोजपट्टी हातात आली. विद्यार्थी नेहमी विचारतात, मनातून फरक पडेल असं वाटत असताना ‘फरक नाही’ असं का लिहायचं? ‘फरक नाही’ असं सांगणारी ही शून्य परिकल्पना आपली श्रद्धा नव्हे, ती पाडून बघण्यासाठी उभी केलेली असते. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडताना चहाच्या कपांचं उदाहरण घेतलं. एका बाईंचं म्हणणं, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. फिशर यांनी ८ कप सुचवले, ४ अशा पद्धतीचे आणि ४ तशा. त्यांना काही कळत नाही असं धरलं, तर निव्वळ अंदाजाने चारही अचूक निवडण्याची शक्यता ७० मध्ये १. इतकी दुर्मीळ गोष्ट घडली तर ‘कळत नाही’ या विधानाचा त्याग करायचा.

फिशर यांचा आग्रह होता की शून्य परिकल्पना कधी सिद्ध होत नाही, फार तर तिचा त्याग करता येतो. आपल्या प्रबंधांच्या चौथ्या प्रकरणात मात्र ‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’ हे वाक्य ठाण मांडून बसलेलं असतं. समजा ३०-३० मुलांचे दोन गट आहेत. स्वाधीनता मात्रा (इथे एकूण मुलं वजा दोन) ५८, आणि ०.०५ स्तरावर सारणीतलं मूल्य सुमारे २.००; त्याग करायला टी-मूल्य निदान एवढं तरी हवं. तुमचं टी-मूल्य १.४ आलं, तर एवढंच लिहायचं की शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही. दोन पद्धती सारख्याच आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही. गट लहान असतील, चाचणी सोपी असेल, आठच तासिका मिळाल्या असतील.

सगळ्या संशोधनाला परिकल्पना लागतेच असं नाही. आश्रमशाळेतल्या मुलींशी बोलून त्यांचा शाळेचा अनुभव समजून घ्यायचा असेल तर संशोधन प्रश्न पुरेत. मथळा रिकामा दिसू नये म्हणून तिथे ओढूनताणून परिकल्पना घालू नका. गृहीतकं मात्र तिथेही असतात: मुली मनातलं बोलतील, त्यांच्या बोलीतला अर्थ मला कळेल. ही तर अधिकच जपून लिहायला हवीत. आणि परिकल्पना आराखड्यातच लिहायची असते. आकडे हाती आल्यावर त्यांना शोभेल अशी परिकल्पना लिहिली, तर ती पणाला लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवीन पान आणलं. गृहीतकं दोनच: ‘विद्यार्थ्यांनी दोन्ही चाचण्या स्वतंत्रपणे सोडवल्या आहेत. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली संशोधकनिर्मित चाचणी अपूर्णांकांचे आकलन मोजते.’ परिकल्पना एकच, मध्यमान गुणांची. उत्तरपत्रिकेतलं ते ‘कारण ४ मोठा आहे’ आता गरजेच्या पहिल्याच परिच्छेदात होतं. समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘चाचणीत घडीचे चित्र असलेले प्रश्न फार झाले तर प्रायोगिक गटाला झुकते माप मिळेल का?’ ही शंका मी त्यांच्यासमोर काढली नव्हती. त्यांच्या दुसऱ्या गृहीतकाला सगळ्यांत मोठा धोका तिथेच होता. त्या दुपारी आम्ही दोघींनी चाचणीचे प्रश्न एकेक करून पुन्हा वाचायला घेतले.