बाकावरचा सी लायन, कपारीतला फर सील

पॅसिफिक महासागरातल्या इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांपैकी सान क्रिस्तोबालवर बोटीतून उतरलात की धक्क्यावरच्या बाकावर टेकायला जागा मिळेलच असं नाही. तिथे आधीच कोणीतरी आडवं झालेलं असतं: ओलं, तपकिरी, मिशाळ, माशांचा उग्र वास मारणारं. हा सी लायन, सीलसारखा समुद्री सस्तन प्राणी. माणसांची त्याला फिकीर नाही. सांता क्रूझ बेटावरच्या मासळीबाजारात तर तो पेलिकन पक्ष्यांच्या जोडीने कट्ट्यापाशी ताटकळत असतो, आपल्याकडची मांजरं कोळणीच्या पाटीभोवती घुटमळतात तसा.

गोंधळ होतो तो सांतियागो बेटाच्या काळ्या लाव्हाखडकांत. तिथल्या कपारीत तसंच काहीतरी झोपलेलं दिसतं आणि सगळे पुन्हा 'सी लायन, सी लायन' म्हणून कॅमेरे काढतात. तो मात्र बहुतेक वेळा फर सील असतो.

'बाहेरून कान दिसला तर सी लायन, नाहीतर सील' ही पाठ केलेली खूण इथे साफ फसते. फर सील नावापुरताच सील. कुळ सी लायनचंच. कान दोघांनाही आहेत, आणि मागचे पाय पोटाखाली घेऊन दोघंही जमिनीवर चालतात.

स्पॅनिश नावं जास्त कामाची. सी लायन म्हणजे 'लोबो मारिनो', सागरी लांडगा. (इंग्रजीत सिंह, स्पॅनिशमध्ये लांडगा, प्राणी बिचारा एकच.) फर सील म्हणजे 'लोबो दे दोस पेलोस', दोन केसांचा लांडगा. वर राठ केस, खाली दाट मऊ लोकर. खरा फरक या लोकरीत आहे आणि बाकीचे बरेचसे त्यातूनच निघतात. विषुववृत्तावर लोकरीचा कोट घालून वाळूत कोण लोळणार? म्हणून फर सील सावलीच्या कपारी धरतो. याच कोटासाठी एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी त्याला जवळजवळ संपवला. सी लायनच्या कातड्याला तशी लोकर नाही, म्हणून तो त्या मानाने वाचला.

चेहराही वेगळा. सी लायनचं तोंड कुत्र्यासारखं लांबट. मोठ्या नराच्या कपाळावर टेंगूळ आणि वजन २५० किलोपर्यंत. फर सीलचा नर ७० किलोच्या आसपास, तोंड आखूड, जवळपास अस्वलाच्या पिल्लासारखं, आणि डोळे मोठाले. तो शिकारीला रात्री निघतो. पौर्णिमेच्या सुमारास मात्र शिकारीला जाणं कमी होतं आणि खडकांवर गर्दी वाढते.

पाण्यात तुमच्याशी खेळायला येतात ती बहुधा सी लायनची पिल्लं. पोहण्याच्या चष्म्याच्या काचेसमोर बुडबुडे सोडतात, पायातले फिन्स ओढतात. मजा येते, पण जवळपास भुंकत फेऱ्या मारणारा नर दिसला तर गुपचूप बाहेर यावं. तो त्याचा इलाका असतो.

जमिनीवर राष्ट्रीय उद्यानाचा नियम दोन मीटर अंतराचा. दिवसाढवळ्या वाळूवर एकटं पिल्लू ओरडत असेल तर ते बहुतेक सी लायनचं. आई मासे मारायला गेलेली असते. हात लावू नका. परत आल्यावर ती त्याला आवाजाने आणि वासाने ओळखते, आणि त्या वासात सनस्क्रीनचा वास मिसळायला नको.