ग्रामसभा

ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. ग्रामपंचायत दर पाच वर्षांनी निवडून येते. ग्रामसभेवर कोणी निवडून येत नाही. गावच्या मतदारयादीत नाव चढले की माणूस तिचा सदस्य झालाच. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ही व्याख्या कलम २४३ मध्ये घातली. महाराष्ट्रात मात्र ग्रामसभा १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातही होती.

‘गाव’ म्हणजे कोण, याचे जुने उत्तर वेगळे होते. कोकणात गावकीच्या बैठकीत मानकऱ्यांचा शब्द चाले. गोव्याच्या कोमुनिदादीत, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, गावकार घराण्यातले पुरुष वंशज सभासद. बायकांना आणि मागाहून येऊन वसलेल्यांना तिथे बोलायची सोय नव्हती. मतदारयादीने सगळ्यांना एका कागदावर आणले, पण तिची स्वतःची गोची आहेच. मुंबईत नाव नोंदवलेला चाकरमानी देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे देतो, शिमग्याला पालखी नाचवतो, तरी ग्रामसभेत त्याला मत नाही. बीडच्या ऊसतोड कामगाराचे उलटे. नाव यादीत, माणूस हिवाळाभर फडावर, त्यामुळे २६ जानेवारीची सभा त्याच्याविनाच उरकते.

वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा रूढ आहेत. सरपंच अध्यक्ष असतात. नेहमीच्या सभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा होते. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही की ‘कोरमअभावी तहकूब’ असे प्रोसिडिंगात लिहितात. तहकूब सभेला कोरमची अट नाही, म्हणून पुढच्या खेपेला पंधरावीस जणांतही ठराव होतो: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. यातला ‘सर्वानुमते’ हा शब्द जपून वाचावा. हजेरीवही दुसऱ्या दिवशी घरोघर फिरवून सह्या गोळा केल्याच्या तक्रारी ग्रामीण भागाला नवीन नाहीत.

२००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेची व्याख्या आणखी सैल आहे. तिथे यादीचा उल्लेख नाही. गावातली सर्व प्रौढ माणसे म्हणजे ग्रामसभा. याच कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची. मेंढ्यात हात वर करून बहुमत मोजत नाहीत. एकाचेही मन वळले नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो, आणि ती सभा पुन्हा पहिल्यापासून बोलते.