राईतला पातेरा

पहिल्या वर्षी आम्ही राई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं जंगल, साफ केली. अगदी मनापासून केली. वीस-पंचवीस जण होतो, वाळपईचे, साखळीचे, दोघं-तिघं तर म्हापशाहून बाइकवर आलेले, पाच जूनचा पर्यावरण दिन गाठायचा म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी खराटे आणि कोयते घेऊन गेलो आणि घुमटीच्या मागच्या देवराईतला सगळा पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पानं, लोटून बाहेर काढला, लोंबणाऱ्या वेली तोडल्या, वाटेत येणारी बारकी झुडपं कापली आणि मोकळ्या झालेल्या जागेत नर्सरीतून आणलेली रोपं लावली. फोटो फार छान आले. पुढच्या वर्षी त्याच जागेत रानमोडी नावाचं तण कमरेएवढं उभं होतं आणि आम्ही लावलेल्या रोपांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जगली होती.

गावातले एक म्हातारे गावकर तेव्हा एवढंच म्हणाले, की राईतलं वाळकं पानही घरी न्यायचं नाही असं आमचे जाणते सांगायचे, तुम्ही तर टेम्पो भरलात. ते रागावले नव्हते. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि मग वाचायला, विचारायला, बघायला लागलो. आज मला जे कळलंय ते सांगतो, कारण गोव्यात आता बरेच तरुण ग्रुप करून राया, डोंगर, तळी सांभाळायला पुढं येतायत आणि आमची चूक त्यांनी परत करू नये असं फार वाटतं.

आधी पातेरा. आपल्याकडची माती लाल, जांभ्या दगडाची. पणजीतच वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीत घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या पाण्यानं हजारो वर्षं धुतलेल्या मातीत झाडाला खायला फारसं काही उरत नाही. मग राईतली एवढी मोठी झाडं कशावर जगतात? तर स्वतःच्याच पानांवर. पान गळतं, वाळवी आणि किडे त्याचे तुकडे करतात, बुरशी ते कुजवते, आणि सुटलेलं अन्न पावसात वाहून जायच्या आधी वरच्या वितभर मातीत पसरलेली बारीक मुळं उचलून घेतात. कुठल्याही राईत पातेऱ्याचा वरचा कोरडा थर हळूच बाजूला करून बघा, खाली ओलसर, काळपट, अर्धी कुजलेली पानं दिसतील आणि त्यांच्यामधून पांढऱ्या दोऱ्यासारखे तंतू गेलेले दिसतील. ती बुरशी. तिच्यातल्या काही जाती थेट झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात, त्या झाडाला फॉस्फरस आणि पाणी आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. आम्ही टेम्पोत भरून जे टाकलं ते राईचं पुढच्या वर्षाचं जेवण होतं.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीच्या बुडात पातेरा आपण मुद्दाम घालतो, माझे आजोबा त्यासाठी पाटीनं डोंगरावरून पानं आणायचे. तीच गोष्ट राईत आली की आपल्याला कचरा दिसते.

दुसरं म्हणजे पाणी. पावसाचा थेंब मोठ्या झाडाच्या पानावर साचून खाली पडतो तेव्हा कधी कधी मूळ थेंबापेक्षा मोठा होऊन पडतो. खाली उघडी माती असेल तर तो ती फोडतो, भोकं बुजतात, वरचा थर घट्ट होतो आणि पाणी आत मुरायचं सोडून लाल होऊन व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, जाऊन मिळतं. पातेरा असला की थेंबाचा मार पानं घेतात. गोव्यातल्या कितीतरी रायांमध्ये झर आहे किंवा तळी आहे आणि देव पाणी राखतो असं गावातले लोक म्हणतात, त्या राखण्यात या कुजक्या पानांचा वाटा फार मोठा आहे.

आता रानमोडीकडे येतो, कारण आमची खरी लढाई तिच्याशीच आहे. ही मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे आलेली एकोणिसाव्या शतकात. ओळखायला सोपी. पानं समोरासमोर जोडीनं येतात, पानाच्या बुडापासून जरा वर तीन शिरा त्रिशूळासारख्या फुटतात आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो. कापलं-खरचटलं की हाच रस लावणारे लोक गावोगाव आहेत. पावसाळा संपला की तिला पांढुरके-जांभळट फुलांचे झुपके येतात आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाला केसाळ शेपटी असलेल्या हजारो बिया वाऱ्यावर सुटतात. सगळीकडे सुटतात, राईतही पडतात. तरी दाट राईत ती वाढत नाही, का? तर सदाहरित जंगलात वरच्या ऊन्हापैकी जेमतेम एक-दोन टक्के उजेड जमिनीपर्यंत पोचतो आणि रानमोडीला त्यात भागत नाही. राईतल्या झाडांची पिल्लं मात्र त्याच अंधारात चार-पाच पानं घेऊन वर्षानुवर्षं दम धरून असतात, एखादं जुनं झाड पडून वर खिडकी उघडेपर्यंत. आम्ही वेली तोडल्या आणि ती खिडकी स्वतः उघडली, वर ही दम धरून बसलेली पिल्लं झुडपं समजून कापली. रानमोडीला आमंत्रण आणखी वेगळं काय द्यायचं?

आणि राई लहान असली की हे फार लवकर अंगावर येतं. साधा हिशेब आहे. समजा राई एक हेक्टरची आहे, म्हणजे शंभर मीटर बाय शंभर मीटर. बाहेरचं ऊन, कोरडा वारा, तणाच्या बिया यांचा परिणाम कडेपासून पंचवीस मीटर आत पोचतो असं धरा. मग आतली खरी गार, ओली, शांत राई उरली पन्नास बाय पन्नास, म्हणजे एकूण जागेच्या फक्त पाव. बाकी तीन चतुर्थांश सगळी कडच. आता याच राईत मधून एक रुंद वाट काढा, किंवा जुनी घुमटी मोडून सिमेंटचा मंडप बांधा, की त्या पावातही नवीन कड तयार होते. म्हणून कडेला झाडांना गुंडाळून चढलेल्या वेलींची ती गचपण जाळी असते ना, जी आम्हाला अस्वच्छ वाटली, ती राईची दारं-खिडक्या लावून घेणारी जाळी आहे. ती तोडायची नाही.

मग माणसांनी करायचं काय? कडेवर काम करायचं. आमचं आता ठरलेलं आहे, जूनचा पहिला मोठा पाऊस होऊन गेला की दोन-तीन रविवार रानमोडी उपटायची. तेव्हा माती मऊ असते आणि मुळासकट येते. नुसती वरून कापली तर बुडख्यातून दुप्पट फांद्या फुटतात, हे आम्ही दोन वर्षं कापून बघितलंय. एका हातानं बुंधा अगदी जमिनीलगत धरायचा, दुसऱ्या हातानं भोवतीची माती दाबून ठेवायची आणि सरळ वर ओढायचं, वाकडं ओढलं तर तुटतं. उपटलेली मुळं वर करून तिथंच वाळत टाकायची, म्हणजे जमीन उघडी पडत नाही. आणि उपटताना मध्ये किंदळीचं, माट्टीचं, जांभळाचं आपोआप आलेलं रोप दिसलं की त्याला रंगीत चिंधी बांधायची, नाहीतर पुढचा माणूस तेही उपटतो. हे सगळं फुलं यायच्या आधी झालं पाहिजे.

खराटे आम्ही टाकून दिले नाहीत. ते आता जानेवारीत निघतात, राईच्या बाहेर. राई आणि काजूच्या बागा यांच्यामध्ये दोन-तीन मीटर रुंद पट्टा स्वच्छ लोटून जाळरेषा काढायची आणि त्या पट्ट्यातला पातेरा राईच्या बाजूला सारायचा. वाळलेली रानमोडी, काजूचा पातेरा आणि कुणीतरी टाकलेली विडी एवढं मार्चमध्ये आग लागायला पुरतं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला लागलेल्या आगी आठवत असतील, नौदलाच्या हेलिकॉप्टरांना वरून पाणी टाकावं लागलं आणि खाली वनखात्याच्या लोकांबरोबर गावोगावची माणसं आग विझवत होती.

अशी जमिनीलगत सरकणारी आग लांबून फार मोठी वाटत नाही, गुडघाभर ज्वाळा असतात, मोठी झाडं नंतरही उभीच दिसतात. म्हणून लोक म्हणतात काही झालं नाही. पण झाडाच्या सालीच्या आत एक जिवंत पातळ थर असतो ज्यातून नवीन लाकूड आणि नवीन साल तयार होते, आणि साधारण साठ अंश सेल्सियसला तो मरतो. तिथंपर्यंत उष्णता पोचायला किती वेळ लागणार हे सालीवर. साल दुप्पट जाड असेल तर वेळ साधारण चौपट मिळतो. माट्टी, म्हणजे आपल्या गोव्याचं राज्यवृक्ष, देशावर ज्याला ऐन म्हणतात, तिची साल मगरीच्या पाठीसारखी जाड आणि भेगाळलेली असते, ती आग सोसून उभी राहते. राईतल्या सदाहरित झाडांची साल बहुतेक पातळ, गुळगुळीत. त्यांना आगीची सवयच नाही, ओलाव्यात वाढलेली झाडं ती. आणि पिल्लं तर पहिल्याच फटक्यात जातात, म्हणजे आजी-आजोबा उभे आणि नातवंडं सगळी गेलेली अशी राई उरते. आग विझवायला मात्र एकट्यानं कधी जाऊ नये, आधी वनखात्याला फोन, मग माणसं.

सत्तरीत बांबरला निरंकाराची राई आहे, ती ज्यांनी बघितली नसेल त्यांनी गावातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन, चपला बाहेर काढून एकदा बघावी. तिथं रानजायफळीच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्यातली दलदल आहे. केरळात अशा दलदलींचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९६० मध्ये झालं, पुढं कर्नाटकात, गोव्यात आणि अलीकडे शेजारच्या दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्ड्यालाही त्या सापडल्या. सगळ्या मिळून थोड्याच उरल्यात, बाकीच्या बहुतेक भातशेतीत आणि सुपारीच्या बागांत गेल्या. चिखलात पाय ठेवायच्या आधी खाली बघायचं, कारण जमिनीतून मुळं वर येऊन परत खाली गेलेली असतात, अगदी माणसानं गुडघा दुमडून बसावं तशी. चिखलात हवा नसते, मुळांना श्वास घ्यायचा असतो, म्हणून ते गुडघे वर येतात आणि त्यांच्यावरच्या बारीक रंध्रांतून हवा आत घेतात. त्यावर पाय देऊन सेल्फी काढणं म्हणजे झाडाच्या नाकावर उभं राहणं. चोडण बेटावरच्या खारफुटीत मुळं टोकं वर काढून उभी दिसतात, त्यांची अडचण तीच, फक्त पाणी खारं.

रानजायफळीचं फळ उकललं की आत बी आणि बीवर लालभडक जाळी. हीच रामपत्री, मसाल्याच्या दुकानात मिळते ती. धनेशासारखे मोठे पक्षी जाळीसकट बी गिळतात, जाळी पचवतात आणि बी लांब कुठंतरी ओकून टाकतात, झाडाची पेरणी होते ती अशी. हे बी ओलंच लागतं, डब्यात वाळवून ठेवलं तर काही आठवड्यांत मरतं. म्हणजे दुकानातून पाकीट आणून राई लावता येणार नाही, ती जिथं आहे तिथंच राहू द्यायची आणि पक्ष्यांना येऊ द्यायचं. फळं गोळा करणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो, सगळी पाडू नका, अर्धी तरी वर ठेवा.

रोपं लावायची हौस आमचीही गेलेली नाही. पण आता ती राईच्या बाहेर लावतो, उजाड झालेल्या कडेला, आणि बी त्याच राईतलं घेतो, पायवाटेवर पडलेलं, जे तसंही तुडवलं जाणार असतं. त्यासाठी गावकरांना विचारतो, ते देवापुढे गाऱ्हाणं घालतात, मग कामाला लागतो. चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीला लागणारी कांगलां, कवंडळं, घागऱ्या, माट्टीची फळं याच कडेवर मिळतात, त्यामुळे गावातल्या बायका त्या पट्ट्याकडे आमच्यापेक्षा बारीक लक्ष ठेवतात. खरी राखणदारी त्यांचीच आहे असं मला वाटतं. कागदावरचं संरक्षणही हवंच, २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी आणि सुर्ल गावच्या पुर्वतळी राईला वारसा स्थळाचा दर्जा त्याच वाटेनं मिळालाय. ग्रुपमधल्या एखाद्यानं त्या समितीच्या बैठकीला जाऊन बसावं, कंटाळा येतो, पण जावं.

आणि मोजावं. आमच्यातली एक कॉलेजची मुलगी दर आठवड्याला एकाच झाडाची पानं, फुलं, फळं बघून सीझनवॉच नावाच्या देशभर चालणाऱ्या उपक्रमात नोंद करते. बाकीचे आम्ही सुंभानं आखलेले चौकोन बघतो, एक मीटर बाय एक मीटर, राईत दहा ठिकाणी. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, गुडघ्यावर बसून प्रत्येक चौकोनातली रोपं मोजायची, उंची लिहायची. आम्ही जी जागा लोटून काढली होती तिथला चौकोन सहावा. तीन वर्षं तिथं रानमोडीशिवाय काही लिहायला नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात पातेरा बोटभर जाड झालेला होता, आणि त्यातून वर आलेली दोन चकचकीत पानांची रोपं वहीत लिहिली, एक नऊ सेंटिमीटर, एक अकरा.