तपकिरी तुडतुडे आणि बायोटाइपचा घोळ : थोडी पार्श्वभूमी

भाताचा रस शोषणारा तपकिरी तुडतुडा ज्या डेल्फॅसिडी कुळातला, ते ओळखायला तसं सोपं, मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाला हलणारा काटा दिसला की झालं. दोन हजारांच्या वर जाती, बहुतेक गवतं आणि लव्हाळ्यांवर जगणाऱ्या. भातावरच्या तपकिरी तुडतुड्याला शास्त्रीय नाव १८५४ मध्येच मिळालं, जपानमधल्या १७३२ च्या दुष्काळाचं खापरही तुडतुड्यांवरच फुटतं, पण खरी भानगड १९७० नंतरची.

१९७३ मध्ये भाताचं आयआर २६ हे वाण आलं, त्यात तुडतुड्याला रोखणारा एकच मोठा जीन. फिलिपाइन्स, इंडोनेशियात ते भराभर पसरलं आणि दोन-तीन वर्षांत तुडतुडे त्याच वाणावर आरामात पोसायला लागले. मग १९७६ मध्ये दुसरा जीन घातलेलं आयआर ३६ आलं. दरम्यान कोणत्या वाणावर जगतात त्यावरून किड्यांचे गट, म्हणजे बायोटाइप, पाडून त्यांना आकडे चिकटवले गेले: जुने ते बायोटाइप १, आयआर २६ पचवणारे २, दुसऱ्या जीनवर जगणारे (हे प्रयोगशाळेत निवडून वाढवलेले) ३, आणि दक्षिण आशियातले ४.

माझ्या मते हे आकडे देणंच घाईचं होतं. रोपाच्या बुडाशी फिल्टर पेपर ठेवायचा, वर एक मादी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या चिकट स्रावाचे डाग मोजायचे, डाग मोठा म्हणजे रस भरपूर प्यायली. असं एकेका मादीचं मोजमाप घेतल्यावर दिसलं की एकाच बायोटाइपमध्ये एक मादी 'परक्या' वाणावर ढोसतेय आणि दुसरी उपाशी बसलीय. शिवाय काही पिढ्या वाण बदलून वाढवले की एका बायोटाइपचा दुसरा करता येतो, हेही १९८० च्या दशकात दाखवलं गेलं. म्हणजे १, २, ३ हे काही वेगवेगळे गट नव्हतेच, पण तक्त्यात छान बसतात ना, म्हणून टिकले.

खरी सीमारेषा दुसरीकडेच निघाली. हे किडे पोट हलवून खोडातून कंपनं पाठवतात, नर-मादी त्यावरूनच एकमेकांना शोधतात. लिअर्सिया नावाच्या पाणथळ गवतावर राहणारे तुडतुडे दिसायला भातावरच्यांसारखेच, पण त्यांच्या कंपनांची लय वेगळी, आणि निवड करायला दिली तर ते बहुतेक आपल्याच लोकांत जोडी जमवतात. प्रयोगशाळेत संकर होतो, तरी ही वेगळी जातच धरावी असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं.

या सगळ्यात फवारणीचं बोलणं मागे पडलं. अंडी पानाच्या आवरणात खुपसलेली, ती फवाऱ्यातून वाचतात, मरतात ते तुडतुड्यांवर जगणारे कोळी आणि अंडी खाणारे ढेकूण. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली ती यामुळेच. पुढे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आलं, तेही २००५ च्या सुमारास आशियात बऱ्याच ठिकाणी लागू पडेना.

जपानमध्ये तर हे किडे हिवाळ्यात तग धरत नाहीत, दरवर्षी समुद्रावरून वाऱ्याबरोबर नवे येतात. १९६७ मध्ये भर समुद्रात एका हवामान जहाजावर त्यांचे थवेच्या थवे उतरले होते. तिथे येणारे तुडतुडे १९९० च्या आसपास पहिला जीन पचवायला लागले आणि त्या दशकाच्या शेवटी दुसराही, कारण वाण बदलले होते ते ज्या देशांतून ते उडून येतात तिथले.