होम थिएटरचे स्पीकर अन् लॅपटॉप जळण्याची भीती

आमच्या दर्यापूरकडच्या खेड्यांत एक समज पक्का आहे: "कंपनीचे स्पीकर त्याच कंपनीच्या डब्यावर चालतेत, लॅपटॉपले लावले का लॅपटॉप जयते!"

डबा म्हणजे होम थिएटरचा डीव्हीडी प्लेअर, ज्याला स्पीकर जोडतात. स्पीकरची पिन वेगळी असते, ती लॅपटॉपमध्ये बसत नाही, एवढंच यात खरं. पिन कापून ३.५ मिमीचा जॅक लावला तरी आवाज कुजबुजल्यासारखाच येणार. लॅपटॉपचा हेडफोन जॅक मिलिवॅटमध्ये, म्हणजे वॅटच्या हजाराव्या भागांत ताकद देतो. साधारण ४ ते ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणारा विरोध मोजायचं माप) या स्पीकरांना वॅट लागतात. ते काम डब्यातला अॅम्प्लिफायर, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा भाग, करतो. म्हणून डीव्हीडी बंद पडली तरी डबा भंगारात देऊ नका. मागे ऑक्स इनपुटची (बाहेरचा आवाज आत घेणारी) लाल-पांढरी भोकं असतील, तर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून तिथे वायर द्या. लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा चालतो.

लॅपटॉपला खरा धोका उलट जोडणीत: अॅम्प्लिफायरचं स्पीकर-आउट (स्पीकरकडे जाणारी वायर) लॅपटॉपच्या जॅकमध्ये खुपसलं तर.