ऊसतोडीला गेलेल्या बाईनं अर्ज कुठं करायचा?

दिवाळी झाली की बीड, जालना, धाराशिवच्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, पण उचल (कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) नवऱ्याच्या हातात. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मारहाण झाली तर बाईला सांगितलं जातं, 'पट्टा पडू दे (हंगाम संपू दे), गावी जाऊन बघू.'

थांबायची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याचं कलम 27 सांगतं की, बाई कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते, जिथं काम करते, नवरा जिथं राहतो किंवा जिथं घटना घडली, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. म्हणजे कोपी बेळगावकडच्या फडात असेल तर तिथं, माहेरी निघून आलात तर गेवराईत किंवा केजमध्ये. आदेश मिळाला की तो देशभर लागू. वाळूजच्या कंपनीत कामाला आलेल्या परप्रांतीय बाईलाही हाच नियम.

लग्न झालेलीच हवी असं नाही. लग्नासारख्या संबंधात एकत्र राहणारी बाई, आई, बहीण, विधवा भावजय यांनाही अर्ज करता येतो. मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि तिच्या कष्टाचे पैसे काढून घेणं हीसुद्धा हिंसाच. त्रास मुकादमाचा (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा) किंवा बाहेरच्याचा असेल तर मात्र हा कायदा नाही, थेट पोलीस ठाणं गाठायचं. 'आमची हद्द नाही' हे उत्तर ऐकून परतू नका. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द न बघता ('झिरो एफआयआर'), नोंदवावाच लागतो.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून करा. महिला व बालविकास विभागाचा हा माणूस घटनेचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात भरतो, अर्ज तयार करायला मदत करतो. फी नाही. बाईला फोनही करता येत नसेल तर शेजारच्या कोपीतली कुणीही कळवू शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. महिला हेल्पलाइन 181, जीवावर बेतलं तर 112. सखी केंद्रात तात्पुरता निवारा, समुपदेशन, दवाखाना आणि कायद्याची मदत एका छताखाली मिळते. वकील मोफत, फोन 15100. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे तालुक्याच्या कोर्टातही कितीकांना ठाऊक नसतं.

कागदांपायी अर्ज अडवू नका. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, मुलांचे दाखले जवळ असतील ते द्या. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखाना. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. पोटगी मागायची तर उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. इथं उचलीची चिठ्ठी, मुकादमाच्या वहीतल्या नोंदीचा मोबाइलवर काढलेला फोटो फार कामाला येतो, कारण नवरा कोर्टात 'मला कामच नाही' म्हणणार.

कायद्यानं पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अर्जातच कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागा: मारहाण करू नये, घराबाहेर काढू नये, मुलं आईपाशी राहावीत, खर्चाला पैसे मिळावेत. आदेशाची प्रत मोफत मिळते, ती सोबत ठेवा. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.